राखेने रोखलेले आकाश



आपल्या समाजात आज असे घर विरळाच, की ज्याचा आकाशमार्गाशी काही संबंध नाही. कुणाचा मुलगा मस्कतला आहे, कुणाचे जावई दुबईला आहेत, कुणाची वृद्ध आई यंदा उमऱ्याला निघाली आहे. एके काळी आखातातून येणारे तांबड्या-निळ्या काठाचे हवाई टपालाचे पाकीट, आणि अधूनमधून त्यासोबत येणारी आवाज भरलेली कॅसेट, यांवर कोकणातील कित्येक घरांचे डोळे लागलेले असत. आता पत्रांचा जमाना गेला. फोनवर आवाजच काय, चेहराही दिसतो. परंतु माणसे अजून विमानानेच येतात-जातात. पदवीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, एखादे दुर्मिळ औषध, यंत्राचा सुटा भाग या वस्तूही विमानाच्याच पोटातून प्रवास करतात. आकाश सदैव मोकळे असते असे आपण गृहीत धरून चालतो. पण हजारो मैलांवरचा एखादा डोंगर फुटला, तर तेही बंद करावे लागते.

ते का बंद करावे लागते आणि केव्हा करावे हे माणूस कसा शिकला, याचा इतिहास जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे. विद्यार्थ्यांनी तो वाचावाच. पालकांनीही वाचावा असे मला आग्रहाने वाटते, कारण विमान रद्द झाल्याची घोषणा होताच विमानतळावर जो संताप उसळतो, तो बऱ्याचदा हा इतिहास माहीत नसल्यामुळे उसळतो.

प्रथम ‘राख’ या शब्दाचा उलगडा करू, कारण हा शब्दच आपल्याला फसवितो. राख म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चुलीतली राख येते. ती मऊ, हलकी, फुंकर घातली की उडून जाणारी. लाकूड जळून जे उरते ती ही राख. ज्वालामुखीच्या राखेत जळालेले असे काहीच नसते. पृथ्वीच्या पोटातील वितळलेला शिलारस आत कोंडलेल्या वायूंच्या दाबाने फुटतो, त्याच्या चिंध्या होतात, आणि हवेत येताच त्या थिजून काचेचे व दगडाचे अतिसूक्ष्म, धारदार कण बनतात. हे कण पाण्यात विरघळत नाहीत आणि विस्तवात जळत नाहीत. फार बारीक कण असतील तर ते दिवसेंदिवस हवेत तरंगत राहतात आणि वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जातात. काचेची बाटली खलबत्त्यात घालून तिचे पीठ करावे आणि ते आकाशात उधळावे, असे काहीसे हे आहे.

ज्वालामुखी आपल्या भूमीला किंवा आपल्या इतिहासाला परका नाही. ज्या काळ्या दगडाने आपल्या गावच्या मशिदी, विहिरी आणि गडकोट बांधले गेले, तो सह्याद्रीचा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हाच होय. इस्लामच्या इतिहासातही एक ठळक नोंद आहे. हिजरी ६५४ साली, म्हणजे इसवी सन १२५६ मध्ये, मदिना शहराजवळ भूकंपाचे धक्के बसले आणि पाठोपाठ जमीन फुटून लाव्हा वाहू लागला. हा उद्रेक सुमारे ५२ दिवस चालला. लाव्हा शहराच्या रोखाने आला, पण शहरात शिरला नाही. मुस्लिम इतिहासकारांनी ही घटना तपशिलाने लिहून ठेवली आहे, आणि त्या काळ्या खडकांचे पट्टे मदिनेच्या परिसरात आजही पाहावयास मिळतात. मदिनेच्या लोकांवर त्या दिवसांत काय गुजरले असेल याची कल्पना करावी. मात्र दिल्लीच्या किंवा गुजरातच्या माणसाचे त्यामुळे काहीही अडले नाही. त्या काळी माणूस जमिनीवरून आणि पाण्यावरून प्रवास करीत असे. तीस-पस्तीस हजार फुटांवरच्या हवेत काय तरंगते आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

विसाव्या शतकात जेट विमान आले आणि नेमकी तीच हवा माणसाचा हमरस्ता बनली.

आता सन १९८२ कडे वळू. ब्रिटिश एअरवेजचे ९ क्रमांकाचे विमान लंडनहून न्यूझीलंडमधील ऑकलंडकडे निघाले होते. त्याच्या वाटेवर मुंबई आणि मद्रास हे थांबे होते. तिथून क्वालालंपूर, आणि पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ. २४ जूनच्या रात्री क्वालालंपूर सोडून हे बोइंग ७४७ विमान जावा बेटाच्या दक्षिणेकडे ३७,००० फुटांवरून चालले होते. विमानात प्रवासी व कर्मचारी मिळून २६३ माणसे होती. कप्तान होते एरिक मूडी. आकाश निरभ्र होते आणि रडारवर ढगाचा ठिपकाही नव्हता.

एकाएकी पुढच्या काचेवर ठिणग्यांची नक्षी उमटू लागली. पंखांच्या कडांवर आणि इंजिनांच्या तोंडाशी पांढरट उजेड दिसू लागला. प्रवाशांच्या कक्षात धूर पसरला आणि त्याला गंधकाचा वास होता. आधी चौथे इंजिन बंद पडले, मग दुसरे, आणि क्षणभरात उरलेली दोन्ही. चार इंजिनांचे ते अजस्र विमान हिंदी महासागरावर, काळोख्या रात्री, निव्वळ तरंगत खाली येऊ लागले. वैमानिकांनी धोक्याचा संदेश जाकार्ताला पाठविला, तर तिथल्या नियंत्रकाचा समज झाला की फक्त ‘चार नंबरचे’ इंजिन बंद पडले आहे. चारही इंजिने एकदम बंद पडतात यावर कोण विश्वास ठेवणार? जवळून जाणाऱ्या गरुड कंपनीच्या एका विमानाने निरोप समजावून सांगितला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

वेग दाखविणारी उपकरणेही परस्परविरोधी आकडे दाखवू लागली होती. सहवैमानिकाचा प्राणवायूचा मुखवटा ऐन वेळी तुटला. कप्तान मूडींनी प्रवाशांना शांत स्वरात सांगितले की एक लहानशी अडचण उद्भवली आहे, चारही इंजिने थांबली आहेत, आणि ती सुरू करण्याची आम्ही शिकस्त करीत आहोत. ‘लहानशी अडचण’ हे शब्द पुढे जगभर गाजले. इकडे काही प्रवाशांनी हाती लागेल त्या कागदावर घरच्यांसाठी निरोपाच्या चिठ्ठ्या लिहून ठेवल्या.

सुमारे बारा-तेरा मिनिटे हे असे चालले. विमान साडेतेरा हजार फुटांपर्यंत खाली आले. जावाचे डोंगर ओलांडायला लागणारी उंची आता हातची जाण्याच्या बेतात होती, आणि काळोखात समुद्रावर विमान उतरविण्याचा विचार करावा लागत होता. तेवढ्यात एक इंजिन धडधडून सुरू झाले. मागोमाग बाकीचीही झाली. थोडे वर चढताच काचेवर पुन्हा त्याच ठिणग्या दिसू लागल्या आणि एक इंजिन पुन्हा बंद करावे लागले. जाकार्ताच्या धावपट्टीवर उतरताना समोरच्या काचेतून काही दिसेना. काच धुक्याने भरली असावी असे आधी वाटले, पण ती घासून आंधळी झाली होती. कडेला उरलेल्या अरुंद पट्टीतून पाहत, उतरण्याची उंची सांगणारी जमिनीवरची यंत्रणा बंद असताना, त्यांनी ते विमान सुखरूप उतरविले. अल्लाहच्या कृपेने एकही माणूस दगावले नाही.

मग तपास झाला. जावातील गालुंगुंग नावाचा ज्वालामुखी एप्रिल १९८२ पासून पेटलेला होता. त्या रात्री त्याने राखेचा मोठा लोट आकाशात फेकला आणि विमान नेमके त्यातून गेले. विमानातील रडार पाण्याचे थेंब पाहते. कोरडी राख त्याला दिसत नाही, म्हणून ते कोरे राहिले. इंजिनाने हवेबरोबर राख ओढून घेतली. ज्वालामुखीची काच हजार-अकराशे अंशांच्या उष्णतेला वितळू लागते, आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात याहून कितीतरी अधिक उष्णता असते. राख आत वितळली आणि मागच्या टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन थिजली. हवेची वाट कोंडली आणि इंजिन गुदमरले. बंद पडल्यावर ते थंड झाले, थिजलेली काच ठिसूळ होऊन निखळली, आणि म्हणूनच स्वच्छ हवेत आल्यावर ते पुन्हा सुरू होऊ शकले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा. त्या २६३ जिवांना काचेच्या वितळण्याने मारले असते, आणि काचेच्या थिजण्यानेच तारले.

परंतु मला या घटनेतील दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. गालुंगुंग पेटला आहे हे पायथ्याच्या खेड्यांना अडीच महिन्यांपासून ठाऊक होते. तिथले हजारो लोक घरेदारे सोडून गेले होते. भूगर्भशास्त्रज्ञांना ठाऊक होते, वर्तमानपत्रांनाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त त्या डोंगरावरून जाणाऱ्या वैमानिकाला. डोंगराचा अभ्यास करणारे आणि विमाने चालविणारे यांच्यामध्ये दुवाच नव्हता. ज्ञान होते, पण ते जिथे पोचायला हवे तिथे पोचविण्याची व्यवस्था नव्हती. एवढे होऊनही त्या परिसरातील हवाई मार्ग काही दिवस बंद ठेवून पुन्हा खुला करण्यात आला! तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १३ जुलैला सिंगापूर एअरलाइन्सचे तसलेच विमान त्याच राखेत सापडले आणि इंजिने गमावून जाकार्ताला परतले. तेव्हा कुठे तो मार्ग कायमचा वळविण्यात आला. माणूस पहिल्या ठेचेने शहाणा होतो ही म्हण इथे तरी खरी ठरली नाही.

यानंतर मात्र आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हा प्रश्न हाती घेतला. सन १९८९ च्या डिसेंबरात अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीने आणखी एक धडा दिला. अॅमस्टरडॅमहून टोकियोला निघालेले के. एल. एम. कंपनीचे नवे कोरे विमान अँकरेजला उतरण्याच्या तयारीत असताना राखेत शिरले. वैमानिकांनी पूर्ण जोर लावून वर निसटण्याचा प्रयत्न केला. जोर वाढला तशी इंजिनांची उष्णता वाढली, राख अधिकच वितळली, आणि चारही इंजिने बंद पडली. चार किलोमीटरहून अधिक खाली आल्यावर ती सुरू झाली. २४५ माणसे वाचली, पण विमानाच्या दुरुस्तीचा खर्च सुमारे ८ कोटी डॉलर आला. तेव्हापासून वैमानिकांना शिकवण दिली जाते की राखेत सापडल्यास जोर कमी करावा आणि आल्या वाटेने मागे वळावे.

पुढे १९९० च्या दशकात जगाचे आकाश नऊ केंद्रांत वाटून देण्यात आले. लंडन, तुलूझ, अँकरेज, मॉन्ट्रियल, वॉशिंग्टन, ब्युनोस आयरिस, टोकियो, डार्विन आणि वेलिंग्टन ही ती केंद्रे. कुठे डोंगर फुटला की उपग्रहाची छायाचित्रे, वेधशाळेचा निरोप आणि वैमानिकांनी पाहिलेले दृश्य यांची सांगड घालून केंद्र नकाशा काढते, की राख किती उंचीवर आहे आणि पुढच्या काही तासांत वारा ती कुठे नेणार आहे. हा नकाशा विमान कंपन्यांना व नियंत्रण कक्षांना तात्काळ मिळतो. आपल्या अंदमानातील बॅरन बेटावर भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी आहे, तो दीर्घ निद्रेनंतर १९९१ साली पुन्हा जागा झाला. त्याच्यावर डार्विनचे केंद्र नजर ठेवते.

हे सारे उत्तम झाले. पण एक प्रश्न तसाच राहून गेला होता. राख टाळा, हे खरे. पण किती राख? घनमीटर हवेत चिमूटभर असली तर चालेल का? त्या चिमटीचे माप काय? हे माप ठरविण्याचे काम विमाने बनविणाऱ्यांनीही केले नाही आणि चालविणाऱ्यांनीही केले नाही. नियम एवढाच होता की राखेचा अंश असला तरी जाऊ नये. तुरळक वस्तीच्या प्रदेशात एखादी वाट वळवून हा नियम पाळता येत होता, म्हणून अठ्ठावीस वर्षे कुणाचे अडले नाही. अडले ते सन २०१० मध्ये.

आइसलंड हा युरोपच्या वायव्येला समुद्रात असलेला चिमुकला देश. तिथे ज्वालामुखी नवीन नाहीत. सन १७८३ मध्ये तिथल्या लाकी येथील उद्रेकाने विषारी वायू पसरून गुरेढोरे मेली, दुष्काळ पडला, आणि देशाची सुमारे एक-पंचमांश प्रजा नाहीशी झाली. त्यामानाने १४ एप्रिल २०१० रोजी एयाफ्यात्लायोक्युत्ल या हिमाच्छादित डोंगरावर झालेला उद्रेक किरकोळच. (हे नाव उच्चारताना त्या दिवसांत जगभरच्या बातमीदारांची बोबडी वळली होती, तेव्हा वाचकांनी संकोच बाळगू नये!) पण बर्फाचे पाणी तप्त शिलारसात शिरल्याने राख फार बारीक झाली, आणि वारा नेमका युरोपच्या दिशेने वाहत होता.

१५ एप्रिलपासून ब्रिटनचे आकाश बंद झाले, आणि पाठोपाठ उत्तर व मध्य युरोपातील बहुतेक देशांचे. हे सहा दिवस चालले. आठवड्याभरात सुमारे ९५ हजार उड्डाणे रद्द झाली आणि जवळजवळ १ कोटी प्रवासी अडकून पडले. पोलंडचे राष्ट्राध्यक्ष काचिन्स्की विमान अपघातात मृत्यू पावले होते. त्यांच्या अंत्यविधीला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसह अनेक देशांच्या प्रमुखांना जाता आले नाही. अमेरिकेहून परतणाऱ्या जर्मनीच्या चॅन्सलर मर्केल यांना लिस्बन आणि रोममार्गे जावे लागले, आणि शेवटचा टप्पा मोटारीने गाठावा लागला. स्पेनच्या किनाऱ्यावर खोळंबलेले सैनिक आणि नागरिक आणण्यासाठी ब्रिटनने युद्धनौका धाडली. श्रीमंत असो वा गरीब, त्या आठवड्यात सर्वांना आगगाडी, बस आणि बोट यांचीच आठवण झाली.

प्रवाशांच्या हालअपेष्टा आपण दूरदर्शनवर पाहिल्या. सामानाचे काय झाले याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. जगाच्या व्यापारातील मालाचे वजन पाहिले, तर विमानाने जाणारा माल शंभरात एक भागही भरत नाही. पण त्याची किंमत पाहिली, तर तो एकूण व्यापाराच्या सुमारे एक-तृतीयांश भरतो. म्हणजे जे मौल्यवान, नाशवंत किंवा निकडीचे, ते विमानाने जाते. शिवाय यातील जवळपास निम्मा माल प्रवासी विमानांच्याच पोटात असतो. म्हणून प्रवासी विमान थांबले की आपण न पाहिलेली शेकडो पार्सले त्याबरोबर थांबतात.

पार्सल कंपन्यांचा सारा कारभार रात्रीच्या एका केंद्रावर उभा असतो. सगळीकडची विमाने मध्यरात्री एका ठिकाणी यायची, तिथे माल निवडून पुन्हा भरायचा आणि पहाटे सगळीकडे निघून जायचे. डी. एच. एल.चे असे केंद्र जर्मनीतील लाइपझिगला, यू. पी. एस.चे कोलोनला, फेडेक्सचे पॅरिसला. ही तिन्ही ठिकाणे एकाच वेळी राखेखाली आली. यू. पी. एस.ने आशियातून येणारा माल इस्तंबूलला उतरविला आणि तेथून मालमोटारींनी युरोपात नेला. ज्या वाटेने एके काळी उंटांचे काफिले रेशीम आणि मसाले नेत, त्याच शहरातून एकविसाव्या शतकात संगणकाचे भाग रस्त्याने निघाले, ही इतिहासाची गंमत म्हटली पाहिजे. आयर्लंडहून येणारा एक छोटासा सुटा भाग पोचला नाही म्हणून जपानमधील निसान कंपनीला मोटारींचे काही उत्पादन थांबवावे लागले. जर्मनीत बी. एम. डब्ल्यू.च्या कारखान्यांवरही तीच पाळी आली. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी दुसऱ्या खंडातील दात्याकडून येणारा अस्थिमज्जाही अडला. त्याला तर तासांचा हिशेब असतो. त्या पार्सलाची वाट पाहणाऱ्या घरांत ते दिवस कसे गेले असतील?

पण सर्वांत मोठी झळ ज्यांना लागली, ते आइसलंडपासून हजारो मैल दूर, आफ्रिकेत होते. केनियातील नैवाशा सरोवराच्या काठी गुलाबांचे मोठमोठे मळे आहेत. पहाटे फुले तोडावी, संध्याकाळी नैरोबीच्या विमानात भरावी आणि दुसऱ्या दिवशी ती हॉलंडच्या लिलावात पोचावी, असा तो धंदा. युरोपचे आकाश बंद झाले आणि टनांवारी फुले व भाजी नैरोबीला पडून कुजली. देशाचे नुकसान दररोज २० लाख डॉलरांहून अधिक होऊ लागले. मळ्यांनी हजारो मजुरांना घरी पाठविले. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला आइसलंड हे नावही ठाऊक नसेल, तरी तिची चूल त्या डोंगराने विझविली. आपल्या मावळातील तळेगावचे गुलाबही विमानाने परदेशी जातात, म्हणून हे उदाहरण आपल्याला फार दूरचे वाटू नये.

इकडे युरोपात मोठा वाद पेटला. विमान कंपन्यांना एकूण सुमारे १७० कोटी डॉलरांचा फटका बसला होता. त्या म्हणू लागल्या की आकाश स्वच्छ दिसते आहे, सरकार नकाशावरच्या रेषांना घाबरले आहे. ब्रिटिश एअरवेजच्या प्रमुखांनी स्वतः विमानात बसून चाचणी उड्डाण केले आणि ते सुखरूप परतले. दुसऱ्या बाजूला फिनलंडच्या वायुदलाने आपल्या लढाऊ विमानांची इंजिने उघडून दाखविली. राखेतून थोडा वेळ गेलेल्या त्या इंजिनांत वितळलेल्या काचेचा थर सापडला होता.

खरे कोणाचे? माझ्या मते कंपन्यांचा सूर चुकीचा होता, पण प्रश्न रास्त होता. सरकारे सावध राहिली हे योग्यच झाले. ज्याचे माप ठाऊक नाही त्यात माणसे ढकलणे हा गुन्हा ठरला असता. पण माप ठाऊक का नव्हते? १९८२ पासून वेळ होता. त्या अठ्ठावीस वर्षांच्या आळसाची किंमत अखेर नैवाशाच्या मजुरांनी भरली, हे मला विसरता येत नाही. जे माप अठ्ठावीस वर्षांत ठरले नाही, ते निकड लागताच पाच-सहा दिवसांत ठरले. इंजिने बनविणाऱ्यांनी मान्य केले की घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमपर्यंत राख असेल तर विमान जाऊ शकते. २० एप्रिलच्या रात्री आकाश खुले होऊ लागले. पुढच्याच वर्षी, मे २०११ मध्ये, आइसलंडच्या ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीचा आधीपेक्षा मोठा उद्रेक झाला, तेव्हा सुमारे ९०० उड्डाणे रद्द करून काम भागले. वारे निराळे होते हे खरे, पण आता हाती मापही होते.

प्रवाशांच्या हक्कांचाही निकाल लागला. ज्वालामुखी ही दैवी आपत्ती आहे, तेव्हा आमच्यावर जबाबदारी नाही, असे एका विमान कंपनीचे म्हणणे होते. युरोपच्या न्यायालयाने २०१३ मध्ये ते फेटाळले. अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय कंपनीने केलीच पाहिजे, मग दिवस कितीही लागोत, असा तो निर्णय आहे. आपल्याकडे उड्डाण रद्द झाले तर पैसे परत किंवा दुसरे विमान यांतील एक मागता येते. उमऱ्याला किंवा नोकरीवर जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, आणि तिकिटाची पावती जपून ठेवावी.

आता अगदी अलीकडची घटना. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी, इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. त्याच्या पूर्वीच्या उद्रेकाची माणसाच्या इतिहासात कोठेही नोंद नव्हती. हा मुलूख आपल्याला नावाने तरी परिचित आहे. ज्या हबशा देशाच्या राजाने, नज्जाशीने, मक्केहून आलेल्या पहिल्या मुहाजिरांना आसरा दिला, आणि ज्या हबशी मुलखाशी आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळ जोडले जाते, त्याच बाजूचा हा वाळवंटी टापू. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली. वाऱ्याने ती तांबड्या समुद्रावरून येमेन आणि ओमानवर आणली, तेथून अरबी समुद्र ओलांडून २४ तारखेच्या संध्याकाळी गुजरातवर, आणि रात्री राजस्थान ओलांडून दिल्लीवर.

पण या वेळी राखेच्या आधी निरोप पोचला होता. तुलूझच्या केंद्राने नकाशे काढले. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सूचना दिल्या, की राखेचा पट्टा आणि त्या उंचीची हवा टाळावी, आणि राखेची शंका आली तर इंजिनांची तपासणी करावी. अकासा कंपनीने २४ आणि २५ तारखेची जेद्दाह, कुवेत आणि अबुधाबीची उड्डाणे रद्द केली. एअर इंडियानेही काही उड्डाणे रद्द केली, कारण राखेच्या परिसरातून येऊन गेलेली विमाने तपासल्यावाचून पुन्हा सोडायची नव्हती. कन्नूरहून अबुधाबीला निघालेले एक विमान अहमदाबादला वळविण्यात आले. इहराम बांधून निघण्याच्या तयारीत असलेल्यांचा विरस झाला असेल, रजा संपत आलेल्या नोकरदारांना नोकरीची धास्ती वाटली असेल. त्या दोन दिवसांत एकाही विमानाचे इंजिन राखेने बंद पडल्याची बातमी आली नाही. जावाच्या आकाशात एरिक मूडींना जो निरोप मिळाला नव्हता, तो मुंबईच्या वैमानिकांना उड्डाणापूर्वी मिळाला होता. मूडी स्वतः मार्च २०२४ मध्ये निवर्तले.

२५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत ती राख भारताची हद्द सोडून चीनच्या दिशेने सरकली. ती बरीच उंचावरून गेली, म्हणून खाली आपल्या अंगणात तिचा मागमूसही दिसला नाही. अफारमध्ये मात्र ती जमिनीवर पडली. तेथील लोक बहुतांशी आपले धर्मबांधव, उंट आणि शेळ्या-मेंढ्या राखून जगणारे. अफदेरा गावच्या परिसरातील त्यांची गायराने राखेने झाकून गेली, आणि आकाश मोकळे होऊन विमाने पुन्हा सुटू लागली तेव्हाही त्यांच्यापुढे जनावरांना काय घालावे हा प्रश्न उभाच होता.